लॅबलाइनला जायचंय: दोन वर्षांचा डिप्लोमा की चार वर्षांची पदवी?

बहिणीची मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. नीटला जमलं नाही, आता लॅबलाइनला जायचं म्हणते. "मामा, दोन वरीस का चार वरीस, आते तूच सांग," असा तिचा फोन. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितो, कारण जून लागला की चोपड्यापासून नवापूरपर्यंत बऱ्याच घरांत हीच चर्चा असते. लॅबलाइन म्हणजे रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतलं काम. त्याचा दोन वर्षांचा डिप्लोमा म्हणजे डीएमएलटी, आणि इंटर्नशिप धरून चार वर्षांची पदवी म्हणजे बीपीएमटी.

मी दोन्हीकडे बसलेलो आहे. आधी तालुक्याच्या गावी एका खासगी संस्थेत डिप्लोमाला तीन आठवडे. मग ते सोडून सरकारी मेडिकल कॉलेजात बीपीएमटी, लॅबची शाखा. तीन वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. म्हणजे माझं माप एका बाजूला झुकणारच, तेवढं वजा करून वाचा.

तीन आठवड्यांत सोडलं ते एका स्क्रूपायी. प्रॅक्टिकलच्या खोलीत दोन मायक्रोस्कोप आणि आम्ही तीसेक जण. एकाचा बल्ब गेलेला, तो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला. दुसऱ्यावर सरांनी मलेरियाची स्लाइड ऑइल इमर्शनला, म्हणजे तेलाचा थेंब टाकून सगळ्यात मोठं दाखवणाऱ्या लेन्सखाली, लावून दिलेली. रांगेनं यायचं, डोळा लावायचा, "दिसलं?" म्हटलं की "हो सर" म्हणून सरकायचं. फोकसच्या स्क्रूला हात लावायचा नाही. लेन्स स्लाइडवर टेकली तर भरून कोण देणार? मला चष्मा आहे. चष्मा काढून डोळा लावला की सरांचा फोकस माझ्या डोळ्याला जमायचा नाही, नुसतं जांभळट धुकं दिसायचं. बारीक स्क्रू जरासा फिरवला असता तर काम झालं असतं. तिसऱ्या आठवड्यातही धुकंच. जर्नलमध्ये मात्र तांबडपेशीतली मलेरियाच्या जंतूची अंगठी मी सुबक काढली, आधीच्या बॅचच्या जर्नलवरून. त्यावर सही मिळाली, आणि तीच सही मला जास्त बोचली. फीचा पहिला हप्ता बुडाला. वडील केळीच्या भावावरून आधीच कावलेले होते, आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

सगळ्या संस्था अशा असतात असं म्हणणार नाही. जळगावात माझ्याबरोबर काम केलेले दोन डिप्लोमावाले उत्तम तयार होऊन आलेले होते. आणि सरकारी कॉलेज म्हणजेही काही स्वर्ग नव्हता. तासाला कुणी येईलच याची खात्री नाही, एमबीबीएसवाल्यांचं आधी, आमचं उरलंसुरलं. पण सकाळी वॉर्डातून सॅम्पलचे रॅक यायला लागले की शिकवायला कुणी मोकळं नसायचं, म्हणून काम आपसूक आमच्या हातात यायचं. तिथे फोकसचा स्क्रू फिरवू का, असं विचारायला वेळ कुणाला होता? मीही एक स्लाइड लेन्सखाली चिरडली. शिव्या खाल्ल्या आणि दुसरी स्मिअर, म्हणजे काचेवर रक्ताचा पातळ थर, केली.

इंटर्नशिपमधली एक रात्र सांगतो. एका पेशंटचं पोटॅशियम नऊच्या वर आलं. एवढ्या पोटॅशियमला हृदय बंद पडायला हवं, आणि वॉर्डात विचारलं तर पेशंट चहा पीत बसलेला. सॅम्पल फुटलं असेल, म्हणजे तांबड्या पेशी फुटून त्यांतलं पोटॅशियम बाहेर आलं असेल, म्हणून सीरम (गोठलेल्या रक्तावरचं पाणी) उजेडात धरून पाहिलं, तर लाली अजिबात नाही. मग त्याच सॅम्पलवर कॅल्शियम लावलं, ते जवळजवळ निम्म्यावर. तेव्हा डोक्यात उजेड पडला. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमधलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, हे पोटॅशियमचं मीठ, आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. लाल टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त कमी भरलं म्हणून कुणीतरी जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं होतं. मशीननं आकडा बरोबरच दिला होता, चूक मशीनच्या आधी झाली होती. हे डिप्लोमात शिकवत नाहीत असं नाही. पण शिकलेलं रात्री दोनला आठवायला त्याआधी पुष्कळ सॅम्पल हाताखालून जावी लागतात.

आता डिप्लोमाची बाजू. दोन वर्षांत पगार सुरू होतो, आणि घरी धाकटं भावंड शिकत असेल तर ही फार मोठी गोष्ट आहे. रक्त काढण्यात तर ही मुलं आमच्यापेक्षा सरस. त्या संस्थेतला माझा बेंचवरचा सोबती पुढे नंदुरबार जिल्ह्यात धडगावकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीला लागला. सोल्युबिलिटी टेस्टची (सिकलसेलचं हिमोग्लोबिन असलं की द्रावण गढूळ होतं) ट्यूब धरून मागच्या काळ्या रेघा दिसतात की नाही, हे तो एका नजरेत सांगतो. त्या टेस्टला लागणाऱ्या डायथायोनाइटची बाटली उघडी राहिली की अभिक्रियाक मरतो आणि रोग असूनही ट्यूब स्वच्छ दिसते, म्हणून तो रोज सकाळी आधी माहीत असलेलं पॉझिटिव्ह सॅम्पल लावतो. ही शिस्त त्याला नोकरीनं लावली. वाहक कोण आणि रुग्ण कोण, हे त्या ट्यूबवरून कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारं इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागतं, आणि तिथे आपण अडतो, असं तो स्वतःच म्हणतो.

बीएस्सी करून मग एक वर्षाचा डिप्लोमा हा तिसरा रस्ताही आहे. गावातच कॉलेज असेल तर वाईट नाही. प्रयोगशाळा वैज्ञानिक अधिकारी या पदाच्या ज्या जाहिराती मी पाहिल्या, त्यांत विज्ञानाची पदवी मागितलेली होती, बारावीनंतरचा नुसता डिप्लोमा पुरत नव्हता. कोणताही कोर्स घ्या, महाराष्ट्र परावैद्यक परिषदेत त्याची नोंदणी होते का, हे फी भरण्याआधी विचारा. आणि "स्वतःची लॅब टाकू, रिपोर्टवर सही करू" हे गणित कुणी मांडून दिलं तर हसून सोडून द्या. सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच, हे सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2017 मध्ये सांगितलंय. दोन वर्षं शिका की चार, ती सही आपली नाही.

भाचीला मी अमुकच कर असं सांगितलं नाही. मार्क पुरत असतील तर मेडिकल कॉलेजचा फॉर्म आधी भर, एवढं म्हटलं. आणि डिप्लोमाच घ्यायचा असेल तर ऑफिसात माहितीपुस्तिका बघत बसू नकोस, प्रॅक्टिकलच्या वेळी जा आणि मुलांचे हात बघ. मागच्या मंगळवारी ती एका ठिकाणी जाऊन आली. "चार मायक्रोस्कोप शेत (आहेत) मामा," म्हणाली, "पन चारीसवर कव्हर व्हतं." फी अजून भरलेली नाही.