अफगाण दुभाष्यांचा विशेष व्हिसा: वचन पक्कं, कारभार ढिला

अमेरिकेने २००९ साली कायदा करून आपल्यासाठी काम करणाऱ्या अफगाणांना स्थलांतराचा विशेष व्हिसा देऊ केला. फौजा परतल्यावरचं हे नैतिक देणंच, म्हणून सेवा कशी आहे हे त्याच कसोटीवर तपासायला हवं.

अट सोपी वाटते: किमान एक वर्षाची नोकरी (२०१५ ते २०२१ दरम्यान दोन वर्षं) आणि त्यामुळे जिवाला असलेला धोका. अडतं ते पहिल्याच पायरीवर, अमेरिकी दूतावासप्रमुखाच्या मंजुरीत. त्यासाठी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाचं पत्र आणि अमेरिकी वरिष्ठाचं शिफारसपत्र, दोन्ही लागतात. कंत्राटदार कंपनी बंद पडलेली, वरिष्ठ केव्हाच मायदेशी, ईमेल परत येतो; मग पत्र आणायचं कुठून? तजकिरा, म्हणजे ओळखपत्र, आणि पासपोर्ट यांत नावाचं स्पेलिंग जुळत नाही, हिजरी शम्सी, म्हणजे अफगाण सौर कालगणनेतली, जन्मतारीख इसवी सनात बदलताना चुकते. तेवढ्यावरही फाईल अडते.

मंजुरीनंतर डीएस-२६० फॉर्म (स्थलांतर व्हिसाचा ऑनलाइन अर्ज), मुलाखत, वैद्यकीय तपासणी. पण ऑगस्ट २०२१ अखेर काबूलमधला दूतावासच बंद झाला. म्हणजे मुलाखतीला इस्लामाबाद किंवा दोहा गाठा, तेही ज्या तालिबान सरकारपासून पळायचं त्याच्याच पासपोर्टवर!

सरकारकडच्या टप्प्यांना कायद्याने नऊ महिने दिलेत. प्रत्यक्षात अनेकांची वर्षं गेली. बायको आणि २१ वर्षांखालची अविवाहित मुलं सोबत नेता येतात, ही जमेची बाजू. आईवडील आणि भावंडं मात्र मागेच राहतात, धमक्या त्यांनाही येत असल्या तरी.