ग्रॅव्हल बाईक घ्यावी का? ल्वारकाठी नऊ महिने चालवल्यानंतर

गेल्या सप्टेंबरात फ्रान्समध्ये, ल्वार नदीकाठच्या ऑर्लेआं शहरात ही ग्रॅव्हल बाईक, म्हणजे डांबरी आणि कच्च्या दोन्ही वाटांवर चालणारी रुंद टायरची सायकल घेतली, तेव्हा पुण्यातल्या दोन मैत्रिणींनी एकच प्रश्न विचारला होता: तुझ्याकडे रोड बाईक आहे ना, मग ही कशाला? आता जून चालू आहे, 3,100 किलोमीटर झालेत. नीट उत्तर देता येईल असं वाटतं.

सायकल मधल्या किमतीची आहे. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, पुढे 40 दात्यांची एकच चकती, मागे 11 ते 42 दात्यांच्या चकत्यांचा संच, म्हणजे कॅसेट, शिमानो जीआरएक्सचे गियर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि 40 मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर. पायडल धरून साडेदहा किलो. चढ इथे फारसे नाहीतच, त्यामुळे पुढची एक चकती पुरते. यातल्या बहुतेक गोष्टींचा मी आता विचारही करत नाही. विचार करावा लागतो तो टायरचा आणि त्यात किती हवा ठेवायची याचा, आणि तो मात्र दर वेळी.

कारण इथली जमीन. घरापासून पन्नास किलोमीटरच्या आत ती चार वेळा बदलते. ईशान्येला ऑर्लेआंचं जंगल आहे, सुमारे 35,000 हेक्टरचं, मुख्य भूमीवरच्या फ्रान्समधलं सगळ्यात मोठं सरकारी जंगल. ओक आणि पाइन, आणि त्यांच्यामधून सरळसोट जाणारे मुरमाचे रस्ते. या जंगलातून एक जुना कालवा जातो. 1692 मध्ये तो पूर्ण झाला आणि इथलं लाकूड त्यातून पॅरिसकडे जायचं. होड्या ओढण्यासाठी काठाने ठेवलेली वाट आता सायकलींना मिळाली आहे. मग ल्वार नदी आणि तिचे लांबच लांब बांध. आणि नदीच्या दक्षिणेला सोलोन्य, जिथे वर वाळू आणि खाली चिकणमाती, म्हणून पाणी जिरत नाही आणि पावलागणिक तळी.

माझं वजन 58 किलो. बांधावरच्या डांबरी किंवा घट्ट खडीच्या वाटेवर हवेचा दाब पुढे 32 आणि मागे 36 पीएसआय ठेवते. जंगलात शिरायचं असेल तर 26 आणि 29. सोलोन्यच्या वाळूसाठी आणखी दोन-दोन कमी. पहिले दोन महिने मी रोड बाईकच्या सवयीने 45 भरत होते आणि दर रविवारी मनगटं दुखून घरी येत होते. माझ्या मते ग्रॅव्हल बाईक आवडली नाही असं सांगणाऱ्यांतले निम्मे लोक टायर टणक फुगवून चालवत असतात. हवा कमी केली की टायर खड्याला धरून बसतो, आणि ज्या वाटेवर हँडल घट्ट आवळून जात होतो तिथेच मान वर करून झाडं बघता येतात.

सुरुवात सुंदर झाली. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत हरणांचा माजाचा काळ असतो. पहाटे जंगलाच्या कडेला सायकल टेकवून उभं राहिलं की नराची ती खोल, लांब डरकाळी धुक्यातून येते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला तो बैल वाटला होता.

त्याच सुमाराला शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि साधारण फेब्रुवारीअखेरपर्यंत चालतो. हे इथे नव्याने येणाऱ्याला कुणी बसवून सांगत नाही, म्हणून मी सांगते. वाटेच्या तोंडाशी शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर वळा, दुसरी वाट धरा. त्या महिन्यांत भडक नारिंगी जाकीट घालूनच निघा. काळोखात किंवा धूसर उजेडात गावाबाहेर सायकल चालवताना परावर्तक जाकीट कायद्यानेही लागतंच.

हिवाळा कठीण गेला. लाकूड ओढणाऱ्या ट्रॅक्टरांनी जंगलातल्या मातीच्या वाटांवर गुडघाभर खोल चाकोऱ्या पाडल्या होत्या, त्यात पाणी, पाण्यावर पानं. 40 चा टायर अशा राड्यात नुसता गरगर फिरतो. फेब्रुवारीत एक वाळकी फांदी मागच्या चाकात अडकली, डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, उलटा वळला आणि त्याचा हँगर तुटला. सर्वात जवळच्या गावापर्यंत सात किलोमीटर सायकल ढकलत नेली. हँगर हा डिरेलर फ्रेमला जोडणारा छोटासा धातूचा तुकडा, पण जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा वेगळा. दुकानदाराने तो मागवून द्यायला तीन आठवडे लावले. या एका तुकड्यासाठी तीन आठवडे सायकल भिंतीला टेकून उभी होती, याचा मला अजून राग येतो. सायकल घेताल त्याच दिवशी जादा हँगर मागून घ्या आणि सीटखालच्या पिशवीत टाका.

ब्रेकचे मूळचे रेझिनचे पॅड 1,400 किलोमीटरमध्ये संपले. कारण इथली पांढरी चुनखडी. नदीकाठच्या आणि कालव्याकाठच्या बऱ्याच वाटा चुनखडीच्या बारीक खडीने दाबलेल्या आहेत. कोरड्या असताना त्या स्वप्नासारख्या चालतात, भिजल्या की त्यांची लापशी होते. ती चेनवर, डिस्कवर, बाटलीच्या तोंडावर बसते आणि वाळली की प्लास्टरसारखी घट्ट. धातूमिश्रित पॅड बसवल्यापासून निभावतं आहे, मात्र आपल्या डिस्कला ते चालतात का हे आधी बघून घ्यावं लागतं. पावसाळी फेरीनंतर त्याच संध्याकाळी बादलीभर पाणी आणि ब्रश, यात सूट नाही.

ट्यूबलेसबद्दल मात्र मनापासून चांगलं सांगेन. हिवाळ्यात शेताकडेची काटेरी कुंपणं यंत्राने छाटतात आणि काटे रस्त्यावर पसरतात. नऊ महिन्यांत मी टायरमधून अकरा काटे उपटले. दहा वेळा आतल्या द्रावणाने भोक बुजवलं, एकदाच बाहेरून रबराची वात घालावी लागली. दर चार महिन्यांनी द्रावण नव्याने भरते, नाहीतर ते आत सुकून जातं.

मार्चपासून सगळं बदललं. जंगलाच्या दक्षिण कडेला उझुए-स्यूर-ल्वारजवळ राव्वार नावाचं तळं आहे, तिथे पक्षी पाहण्यासाठी लाकडी आडोसा बांधलाय. ऑस्प्रे, म्हणजे आपल्या भिगवणला हिवाळ्यात दिसणारा मासेमार शिकारी पक्षी, इथे घरटं करतो. फ्रान्सच्या मुख्य भूमीवरून तो नाहीसा झाला होता, 1980 च्या दशकात याच जंगलात पुन्हा वीण करू लागला. मोटार लांब उभी करून चालत येणारे लोक तिथे भेटतात. मी घरून सायकलवर जाते, आडोशात तासभर बसते, येताना लॉरिस गावाच्या बाजूच्या जंगलातल्या त्या चौकात थांबते जिथे ऑगस्ट 1944 मध्ये मारल्या गेलेल्या, नाझींविरुद्ध लढणाऱ्या फ्रेंच प्रतिकार-योद्ध्यांचं स्मारक आहे. तिथे कायम शांत असतं. या फेरीसाठी रोड बाईक निरुपयोगी, आणि माउंटन बाईकवर बांधावरचे तीस किलोमीटर जिवावर येतात.

बांधांविषयी थोडं. ल्वार-आ-व्हेलो हा साधारण 900 किलोमीटरचा नदीकाठचा सायकलमार्ग आमच्या दारावरून जातो. सुली गावापासून पुढचं ल्वारचं खोरं 2000 पासून जागतिक वारसा आहे. उन्हाळ्यात नदीतल्या वाळूच्या बेटांवर कुररी पक्षी अंडी घालतात, तेव्हा बेटांवर उतरायचं नसतं. काठच्या गावांत भिंतींवर 1846, 1856 आणि 1866 च्या महापुरांच्या रेघा कोरलेल्या आहेत. काही माझ्या डोक्याच्या वर आहेत. त्या पाहिल्या की आपण ज्यावर सायकल चालवतोय तो बांध लोकांनी कशासाठी घातला हे कळतं.

सोलोन्यबद्दल माझं मन दुखतं. तिथली जमीन बहुतेक खासगी, शिकारीच्या मोठाल्या मालमत्ता. मैलोन् मैल उंच जाळीची कुंपणं, आतली हरणं आत आणि बाहेरची बाहेर. 2 फेब्रुवारी 2023 च्या कायद्याने कुंपण 1.20 मीटरपेक्षा उंच नको आणि जमिनीपासून 30 सेंटिमीटर वर हवं असं ठरवलं, ते मला फार पटतं. पण त्याच कायद्याने खासगी म्हणून पाटी लावलेल्या जंगलात शिरणं दंडनीय केलं. म्हणजे नकाशावर वाट दिसते म्हणून ती आपली नसते. गावच्या मालकीच्या, सगळ्यांना खुल्या वाटा शोधाव्या लागतात. आपल्या पाणंद रस्त्यांचीच बहीण म्हणा. झाडांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची पदयात्रेची खूण असली की बहुधा खात्रीने जाता येतं. मी आदल्या रात्री नकाशा घेऊन बसते, आणि फेरी लामोत-बव्रोंला संपवते, कारण तिथून परतीची रेल्वे मिळते. तातँ भगिनींच्या उलट्या सफरचंदी टार्टचं गावही तेच.

मे महिन्यात चार दिवस ब्रेन या तळ्यांच्या प्रदेशात गेले. शातोरूपर्यंत रेल्वे, तिथून पश्चिमेला साधारण 40 किलोमीटरवर मेझियेर गाव. मध्ययुगापासून माशांसाठी खणलेली तळी, एकाचं पाणी दुसऱ्यात सोडलेलं. शरदात आणि हिवाळ्यात ती पाळीपाळीने रिकामी करून मासे काढतात. मधूनच लालसर वालुकाश्माच्या झाडीभरल्या टेकड्या. चार दिवसांचं सामान फ्रेमच्या पिशवीत आणि सीटमागे बांधलं होतं, तरी सायकल डगमगली नाही. बसायची पद्धत रोड बाईकपेक्षा सरळ असल्यामुळे रोज 70 किलोमीटरनंतरही पाठ ठीक होती.

तिसऱ्या दिवशी शेरीन अभयारण्याच्या बाजूला वाळूच्या वाटेवर एक कासव आडवं आलं. काळ्या पाठीवर पिवळे ठिपके, युरोपी तळ्यांतलं कासव. मे-जूनमध्ये माद्या अंडी घालायला पाण्याबाहेर कोरड्या जागी येतात. मी वीस मिनिटं थांबले. तिने वाट ओलांडली, कडेचं गवत हललं, मग हलायचं थांबलं. त्या महिन्यांत ब्रेनमध्ये जाणार असाल तर वेग कमी ठेवा, ती मातीच्याच रंगाची दिसतात.

तीन लहान गोष्टी. सोमवारी खेड्यांतल्या बऱ्याच बेकऱ्या बंद असतात, खायचं बरोबर घ्या. पाणी संपलं तर गावच्या दफनभूमीत बहुतेक वेळा नळ असतो, फक्त पिण्याचं नाही अशी पाटी नाही ना ते पाहा. आणि घरी आल्यावर पोटऱ्या, गुडघ्यामागची जागा तपासून गोचीड काढा. मला तीन मिळाल्या.

मागचा टायर मधोमध गुळगुळीत झाला आहे. उन्हाळा त्याच्यावर निघेल. ऑक्टोबरच्या आधी 45 मिलिमीटरचे, खोल नक्षीचे टायर घेणार आहे, आणि लांब मडगार्ड. माझ्या फ्रेममध्ये दोन्ही मिळून जेमतेम बसतात. नवी सायकल बघायला जाल तेव्हा गियर आणि रंगाच्या आधी तीच जागा मोजा.