मुक्काम ग्रासमिअरला की केझिकला?

इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये हॉटेलात राहायचे ठरले की गाव कोणते निवडावे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. कवी वर्ड्‌स्वर्थ यांच्या ओढीने जाणाऱ्यांनी ग्रासमिअरच निवडावे. १७९९ ते १८०८ या काळातील त्यांचे निवासस्थान डव्ह कॉटेज, सेंट ऑस्वाल्ड चर्चच्या आवारातील त्यांची साधी कबर आणि तिथेच फाटकाशी १८५४ पासून जिंजरब्रेड (आल्याच्या स्वादाचा गोड पदार्थ) विकणारे इवलेसे दुकान, हे सारे पायी फिरून पाहता येते. जवळचे रेल्वेस्थानक विंडरमिअर. ज्या लोहमार्गाला त्यांनी १८४४ मध्ये कडाडून विरोध केला, त्यावरूनच आज त्यांचे चाहते येतात, हा भाग वेगळा! गाव लहान असल्याने हॉटेले मात्र मोजकीच आहेत.

केझिकचे स्थानक १९७२ मध्ये बंद झाल्यामुळे पेनरिथहून बस घ्यावी लागते. कोलरिज आणि सदी या कवींचे घर ग्रेटा हॉल येथेच असले, तरी केझिकचे खरे बळ डर्वेंटवॉटर हे सरोवर आहे: लाँचने पलीकडच्या काठावर उतरावे आणि ४५१ मीटर उंचीचा कॅटबेल्स डोंगर चढावा. सोबत मुले असतील किंवा डोंगर चढण्याची हौस असेल, तर मी केझिकच सुचवेन. ५५५ क्रमांकाच्या बसने ग्रासमिअर तिथूनही एका दिवसात पाहून होते.