एलएसडीवाली गाडी, ८ महिने: डिफरन्शियल बरोबर आहे, ऑइल टाकणारे चुकले

मागच्या आठवड्यात सर्व्हिस सेंटरवाल्यांशी वाजलं म्हणून हे लिहितोय. गाडी सेकंडहँड, रीअर व्हील ड्राइव्ह, मागे क्लच प्लेटवाला एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (डिफरन्शियल म्हणजे इंजिनचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा संच). गाडीचं नाव लिहिलं की फॅन लोक अंगावर येतात, म्हणून राहू दे.

घेतली काटोलच्या वावरासाठी. पावसात काळी माती काय करते ते आपल्याकडच्यांना सांगायला नको, टायरवर शेण थापल्यासारखी बसते बाप्पा. आधीच्या गाडीत साधा डिफरन्शियल होता, तो दोन्ही चाकांना टॉर्क (फिरवायचा जोर) सारखाच देतो आणि तिथंच घोळ आहे, कारण चिखलातलं चाक फिरायला १०० न्यूटन मीटर पुरले की कोरड्यातल्या चाकालाही १००च मिळणार, मग कितीही रेस करा, एक चाक गरगर अन् गाडी जागच्या जागी. एलएसडीत प्लेटा एकमेकींवर घासून पळणाऱ्या चाकाला अडवतात, तो टॉर्क पकड असलेल्या चाकाकडे जातो. ऑगस्टमध्ये शेजारचा ट्रॅक्टर न बोलावता निघालो, तेव्हाच पैसे वसूल वाटले. हां, दोन्ही चाकं चिखलात गेली की मात्र दोन्ही मिळून फिरतात आणि गाडीचं बूड आडवं सरकतं. एकदा धुऱ्यावरून खाली जाता जाता वाचलो.

मग सर्व्हिस झाली आणि वळताना मागून कट-कट-कट सुरू. पार्किंगमध्ये लोक वळून पाहायचे. सेंटरवाले म्हणाले डिफरन्शियल गेला, ४२ हजार! महिनाभर मीपण एलएसडीलाच शिव्या घातल्या, हे झंझट घेतलंच काहून म्हणून. शेवटी सक्करदऱ्याच्या मिस्त्रीने बिल पाहून विचारलं, "भाऊ, फ्रिक्शन मॉडिफायर कुठाय यात?" म्हणजे प्लेटा सहज घसराव्यात म्हणून ऑइलमध्ये टाकायची छोटी बाटली. नव्हताच! साधं गिअर ऑइल ओतून मोकळे झाले होते. हळू वळताना या प्लेटा सहज घसरल्या पाहिजेत, मॉडिफायर नसला की चिकटतात, सुटतात, परत चिकटतात, तोच तो आवाज. एवढ्याशा बाटलीसाठी ४२ हजार सांगत होते बे!

ऑइल बदललं, बाटली टाकली, मग ते प्लेटांमध्ये मुरावं म्हणून लेआउटमधल्या रिकाम्या प्लॉटवर हळूहळू आठच्या आकारात १०-१२ चकरा मारल्या. समोरच्या काकूंनी विचारलं, आता शिकतोस का गाडी?

आवाज जवळपास गेला, थंडीत सकाळच्या पहिल्या वळणाला एखादा कट येतो, तेवढं चालतं. चुकीच्या ऑइलचे पैसे परत द्यायला सेंटरवाले तयार नाहीत. पुढच्या वेळी ऑइल अन् बाटली मीच नेणार, आणि ओतून होईपर्यंत लिफ्टजवळून हलणार नाही.