लेजर की ट्रेझर? आधी तुमचा चोर कोण ते ठरवा

मागच्या महिन्यात मावसभाऊ घरी आला तो खिशातून डबी काढतच. ऑनलाइन मिळालेलं हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनसारख्या चलनाची गुप्त किल्ली जपणारं छोटं यंत्र, तेही बाजारभावापेक्षा बरंच स्वस्त. आत यंत्र, केबल आणि २४ इंग्रजी शब्द आधीच छापलेलं एक कार्ड. "दादा, बघ, लिहायचीसुद्धा कटकट नाही."

कार्ड मी काढूनच घेतलं. ती किल्ली या शब्दांतूनच बनते, म्हणून ते शब्द म्हणजेच पैसे, आणि ज्याने ते छापले त्याच्याकडे दुसरी प्रत असणारच. खरं यंत्र पहिल्यांदा चालू झालं की हे शब्द स्वतः तयार करतं आणि फक्त आपल्या पडद्यावर दाखवतं. डबी बाद झाली. मग त्याने मूळ प्रश्न विचारला: लेजर घेऊ की ट्रेझर?

ट्रेझर प्रागच्या सातोशीलॅब्स कंपनीचं, २०१४ पासून बाजारात. सर्किट आणि कोड सगळं उघडं, कुणीही वाचावं. पण पहिल्या मॉडेलमधली चिप एसटीएम३२ घराण्यातली, म्हणजे मी नोकरीत रोज वापरतो तसलीच. ती यंत्रं चालवायला बनवलेली आहे, कुणी टोकरत बसलं तर तग धरायला नाही. चालू होताना ती 'आतली मेमरी बाहेर दाखवायची का' हे तपासते. नेमक्या त्याच क्षणी वीजदाब जरासा खाली ओढला की तपासणीच चुकते. वॉचमनने रजिस्टर उघडावं आणि तेवढ्यात लाइट जावी, तसं. जानेवारी २०२० मध्ये क्रॅकेन या क्रिप्टो एक्सचेंजच्या सुरक्षा टीमने दाखवलं की यंत्र साधारण १५ मिनिटं हातात मिळालं तरी पुरतं: गुप्त मजकूर बाहेर काढायचा आणि पिन कॉम्प्युटरवर शोधायचा. दोष सिलिकॉनमध्येच असल्याने अपडेटने तो जात नाही. उपाय एकच, पासफ्रेज. हा जादाचा शब्द यंत्रात साठतच नाही, त्यामुळे चोरालाही सापडत नाही.

पॅरिसच्या लेजरने उलट वाट धरली. बँकेच्या कार्डात किंवा पासपोर्टात असते तसली सुरक्षित चिप. वीजदाबाशी कुणी खेळतंय हे तिला कळतं. पण अशा चिपचे निर्माते गुप्ततेचा करार करून घेतात, म्हणून आतला सगळा कोड बाहेर येत नाही. थोडं डोळे झाकूनच चालावं लागतं. तरीही २०१८ मध्ये १५ वर्षांच्या एका ब्रिटिश मुलाने नॅनो एसमध्ये घुसून दाखवलं. सुरक्षित चिपशेजारी एक साधी चिप बसवलेली होती, तो तिच्यातून गेला.

लेजरची खरी अब्रू मात्र चिपमुळे गेली नाही. २०२० मध्ये सुमारे २,७२,००० ग्राहकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर फुटले. पुढे त्यातल्या काहींच्या घरी टपालाने बनावट वॉलेटं येऊ लागली. मे २०२३ मध्ये कंपनीने ऐच्छिक 'रिकव्हर' सेवा जाहीर केली: बीजाचे, म्हणजे त्या २४ शब्दांमागच्या गुप्त आकड्याचे, तीन तुकडे करून तीन कंपन्यांकडे ठेवायचे. गहजब झाला, कारण बीज चिपबाहेर येऊच शकत नाही अशी अनेकांची समजूत होती. पण फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आत चालणारा कोड, लिहिणाऱ्याने ठरवलं तर ते कोणत्याही वॉलेटातून येऊ शकतं, ट्रेझरमधूनही. फरक इतकाच की ट्रेझरच्या कोडमध्ये तसं काही घुसलं तर ते दिसेल, अर्थात बघणारा असेल तर.

आता दरी बुजत चालली आहे. २०२३ च्या ट्रेझर सेफ ३ मध्ये सुरक्षित चिप आली. पण मार्च २०२५ मध्ये लेजरच्याच डोंजॉन प्रयोगशाळेने दाखवलं की शेजारची साधी चिप अजून तशीच फसते. प्रतिस्पर्ध्याने काढलेली चूक आहे, पण चूक खरी आहे. म्हणजे वाटेत कुणाच्या हाती पडलं तर यंत्रात फेरफार होऊ शकतो. म्हणून यापैकी कुठलंही घ्या, थेट कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच.

कॅनडातलं कोल्डकार्ड हे तिसरं वॉलेट थोडक्यात: फक्त बिटकॉइन, केबलऐवजी मेमरी कार्डावरून व्यवहारावर सही. नवख्याला जड जाईल.

आणि पडदा. याचा विचार लोक सगळ्यात शेवटी करतात. जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलर गेले. पैसे हलवायला अनेक सह्या लागत होत्या, हार्डवेअर वॉलेटंही होती. कंपनीच्या म्हणण्यानुसार समोर दिसत होतं एक आणि सही होत होती भलत्यावरच. फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्सचेंजमधून सुमारे १५० कोटी डॉलर गेले, तेही वेब पानावर भलतंच दाखवून. चिप कितीही भक्कम असो, तिने कशावर सही केली हे माणसाला वाचता आलं पाहिजे. बिटकॉइन पाठवताना पत्ता आणि रक्कम इतकंच बघायचं असतं, ते छोट्या पडद्यावर भागतं. इथेरियमचे करार (त्या चलनाच्या जाळ्यावर आपोआप चालणारे प्रोग्राम) करत असाल तर मोठ्या पडद्याचे पैसे मोजा: ट्रेझर सेफ ५ किंवा लेजर फ्लेक्स.

मी स्वतः ट्रेझर आणि पासफ्रेज वापरतो. भावाला मात्र लेजर नॅनो एस प्लस सांगितलं. त्याच्याकडे बहुतेक बिटकॉइनच आहे, हिंजवडीत तिघांबरोबर फ्लॅटमध्ये राहतो, म्हणजे यंत्र दुसऱ्याच्या हाती पडणं हीच खरी भीती. पासफ्रेजने ते भागलं असतं, पण हा प्राणी घरच्या वायफायचा पासवर्ड वर्षातून दोनदा विसरतो, आणि विसरलेली पासफ्रेज कुणीच परत आणून देत नाही. अटी दोन घातल्या: पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवायचं आणि रिकव्हरच्या वाटेला जायचं नाही.

यंत्र आलं. त्याने २४ शब्द कागदावर उतरवले. म्हटलं, पैसे टाकण्याआधी सगळं पुसून या कागदावरून पुन्हा उभं करून दाखव. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं पुरतात, २०४८ शब्दांची यादीच तशी केलेली आहे. सोळा शब्द भराभर गेले. सतराव्याला थांबला, कागद दिव्याकडे धरला, मग माझ्यापुढे केला. "दादा, हा यू आहे की व्ही?"