ब्रेकचा लाल दिवा विझवून दिला आणि साडेचौदा हजार घेतले

हायवेला गाडी नेणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय, जरा लांबलंय पण वाचा. डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा लागला, तो गोलात उद्गारचिन्हवाला, की माणूस घाबरतो, आणि त्या घाबरण्याचेच पैसे लावणारे रस्त्याकडेला बसलेत.

आमची साधी हॅचबॅक, पुढे डिस्क मागे ड्रम. पुण्याहून कोल्हापूरला चाललो होतो, खंबाटकी चढताना वळण आलं की दिवा लुकलुकायचा, सरळ रस्त्याला बंद. हँडब्रेक पूर्ण खाली, पेडल नेहमीसारखं कडक, गाडी जागेवर थांबत होती. पण मागे सासू-सासरे आणि पोरगी, उगाच रिस्क नको म्हणून सातारच्या अलीकडे एका गॅरेजला घेतली. नाव टाकत नाही, तक्रार केलीय.

त्याने बॉनेट उघडलं, जरा इकडेतिकडे केलं, मग मागच्या चाकापाशी बोलावलं. आतल्या बाजूने टायर ओला. "हे बघा साहेब, ऑइल गळतंय, मास्टर सिलिंडर गेलाय, पुढच्या घाटात ब्रेक लागला नसता तर काय केलं असतं?" (मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप.) सासूबाईंनी तिथेच देवाचं नाव घेतलं, झालं, सौदा पक्का. आम्हाला शेजारच्या हॉटेलात चहाला पाठवलं. परत आलो तर दिवा बंद. साध्या लेटरपॅडवर हिशोब: मास्टर सिलिंडर 9,500, ब्लीडिंग (ब्रेकच्या पाइपातली हवा काढणं) आणि मजुरी 3,200, 'सेन्सर रिसेट' 1,800. जीएसटीचं बिल मागितलं तर म्हणे 18 टक्के वरून लागतील. जुना पार्ट मागितला तर म्हणे कंपनीत जमा करावा लागतो.

कोल्हापुरात तो कागद बघून सासऱ्यांना राहवेना, उद्यमनगरातल्या त्यांच्या ओळखीच्या मेस्त्रीकडे गाडी नेली. त्यांनी बॉनेट उघडून फक्त टॉर्च मारला. मास्टर सिलिंडरच्या नटांवर वर्षानुवर्षांची धूळ तशीच, मळ कुठे तुटलेला नाही, पान्याचा एक चट्टा नाही. ब्रेक ऑइलची बाटली तेवढी पुसून चकचकीत केलेली आणि ऑइल काठोकाठ. बाटलीच्या लेव्हल सेन्सरची वायर उपसून काळ्या टेपने खाली बांधून ठेवलेली! म्हणजे उद्या सगळं ब्रेक ऑइल गळून गेलं असतं तरी दिवा लागला नसता, आणि हँडब्रेक ओढला की तो लागतोच, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारणच नाही. पैसे गेले ते गेले, पण हे वाचताना तुम्हाला राग येत नसेल तर मी नीट लिहिलं नाही असं समजा.

मागचा ड्रम उघडला तर आत कोरडा ठणठणीत. ओल बाहेरून मारलेली. आणि मुळात मास्टर सिलिंडर असतो बॉनेटखाली ड्रायव्हरच्या समोर, तो गळला तर मागच्या चाकाला ओल येईलच कशी? चाकाशी गळत असेल तर तिथला व्हील सिलिंडर किंवा पाइप बघायचा.

खरं दुखणं पुढे होतं. ब्रेक पॅड, म्हणजे डिस्कला दाबून चाक थांबवणारे, घासून जेमतेम 2 मिमी उरलेले. नवे असतात साधारण 10 मिमीच्या आसपास, 3 वर आले की बदलायचे. पॅड झिजतो तसा कॅलिपरचा (पॅड दाबणाऱ्या भागाचा) पिस्टन बाहेर येत जातो, त्याच्यामागे ऑइल भरतं आणि बाटलीत लेव्हल उतरते, मग चढाला वळणाला ऑइल एका बाजूला गेलं की सेन्सर दिवा लावतो. सेन्सर बिचारा बरोबरच सांगत होता. मेस्त्रींनी नवे पॅड घालायला पिस्टन मागे दाबले तर त्या गॅरेजवाल्याने ओतलेलं ऑइल वर चढून सांडायला लागलं, सिरिंजने उपसावं लागलं, कारण ते रंगावर पडलं तर रंग खातं. लेव्हल कमी दिसली की नुसतं ऑइल ओतून पुढे जायचं नाही ते ह्याच्यासाठी. पॅड, वायर, मजुरी सगळं धरून 2,600.

मेस्त्रींनी शिकवलेलं एक लगेच करून बघा. इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरा, हळूहळू खाली बसत गेलं तर मास्टर सिलिंडरवर संशय घ्या. बसत नसेल आणि कुठे गळतीही नसेल तर आधी पॅड बघायला सांगा. पेडल मऊ लागलं किंवा खाली गेलं तर मात्र गाडी अजिबात चालवू नका, टो करा. पिवळा एबीएसचा (जोरात ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) दिवा वेगळा, तो बऱ्याचदा चाकाच्या सेन्सरमुळे लागतो. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, पाणी मुरलेलं डॉट 3 ग्रेडचं ऑइल 140 डिग्रीच्या आसपासही उकळू शकतं (नवं 205 च्या वर), घाट उतरताना ब्रेक तापले की पेडल स्पंज होतं ते त्यानेच, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. आमचं बदललंच नव्हतं म्हणे कुणी, सर्व्हिसिंगच्या बिलात मात्र दरवेळी 'ब्रेक चेक' लिहिलेलं असायचं, तो विषय वेगळा.

गॅरेजवाल्याला फोन केला तर म्हणाला वायर उंदराने ओढली असेल. टेप पण उंदरानेच लावली का विचारल्यावर फोन कट. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, लेटरपॅडचा फोटो आणि टेपवाल्या वायरचा फोटो जोडलाय. तिथून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. त्या पट्ट्यात अजून कुणाला असंच 'सेन्सर रिसेट' लावलं असेल तर कागद फाडू नका, जपून ठेवा.