जुना सी प्रोग्राम: डॉसवर ठेवायचा, विंडोजवर न्यायचा की लिनक्सवर?

अंधेरी एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये वजनकाट्याचे आकडे नोंदवणारा, टर्बो सी या डॉसवरच्या जुन्या सी कंपायलरने (लिहिलेला कोड चालण्याजोगा करणाऱ्या साधनाने) बनवलेला प्रोग्राम अजून चालतो. मालकांचं म्हणणं, "स्क्रीनवर आकडे येतात, फाइल उघडली की शेवटचे गायब." मशीन बदलायचंच आहे, तर कुठे जावं?

दोष काट्याचा नाही, बफरचा, म्हणजे पुढे पाठवण्याआधी आकडे साठवणाऱ्या मेमरीतल्या तात्पुरत्या जागेचा. टर्बो सीमध्ये आउटपुट स्क्रीनवर जात असेल तर बफर नसतो, प्रिंटएफ (सीची छापण्याची आज्ञा) केलं की लगेच दिसतं. तेच फाइलकडे वळवलं की शेअर रिक्षासारखं: 512 बाइट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. मिनिटाला वीस अक्षरांची एक नोंद धरली, तर पंचवीसेक मिनिटांचा हिशेब मेमरीतच.

लिनक्सवर नुसतं पुन्हा कंपाइल करून नेलं तर सुटका होईल असं वाटतं. उलट होतं! जीसीसी या लिनक्सवरच्या कंपायलरबरोबरची ग्लिबसी ही सी लायब्ररी (तयार फंक्शन्सचा संच) टर्मिनलवर ओळ संपली की आउटपुट सोडते, पण फाइलसाठी बफर बहुधा 4096 बाइटचा. म्हणजे जवळपास साडेतीन तासांच्या नोंदी टांगलेल्या, आणि प्रोग्राम मध्येच कोसळला तर गेल्याच. उपाय मात्र एका ओळीचा: मेन या मुख्य फंक्शनच्या सुरुवातीला, पहिल्या प्रिंटएफच्या आधी, सेटव्हीबफ या फंक्शनने ओळवार बफर (ओळ संपली की रिकामा होणारा) लावायचा.

विंडोजवर हीच ओळ फसवते. मायक्रोसॉफ्टची सी लायब्ररी ओळवार बफर मागितला तरी पूर्ण बफरच देते, चूकही दाखवत नाही. तिथे बफर बंद करा, नाहीतर प्रत्येक नोंदीनंतर एफफ्लश, म्हणजे बफर रिकामा करायची आज्ञा, द्या. लाखो ओळी असत्या तर वेग पडला असता, मिनिटाला एका ओळीत काय पडणार?

वीज गेली तर एवढ्यानेही भागत नाही. एफफ्लश डेटा फक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करतो, डिस्कवर उतरवायला लिनक्सवर एफसिंक लागतं. मुंबईत वीज जात नाही म्हणणाऱ्यांनी शहरभर वीज गेली तो 12 ऑक्टोबर 2020 आठवावा. डॉसवर तर फाइल बंद होईपर्यंत तिचा आकारही नोंदला जात नाही, मध्येच वीज गेली की फाइल शून्य बाइटची दिसू शकते.

माझं मत लिनक्सला. खर्च आहे तो कोनिओचा, म्हणजे टर्बो सीच्या स्क्रीन हाताळणाऱ्या लायब्ररीचा: क्लिअरस्क्रीन, गोटूएक्सवाय ही फंक्शन्स जीसीसीत नाहीत, ती काढावी लागतील. सोर्स कोडच हरवला असेल तर डॉसवरच राहा आणि मशीनला यूपीएस लावा.